मामीच्या मिठाचं लेबल आणि माझे सहाशे फोटो

मामेभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली फक्त एवढंच लिहिलं, "यात काय दिसतंय सांग बघू." फोटोत अर्ध्या किलोची मिठाची पिशवी, तिच्यावर लेबल, लेबलवर मी काढलेला फोटो, प्रेसवाल्याने सँपल म्हणून छापून दिलेला. आणि खोटं कशाला बोलू, फोटो माझा असूनही मला पाच-सात सेकंद काही उमगेना. वरती काहीतरी हिरवट, मधे करडं, उजव्या बाजूला एक निळा ठिपका, आणि मधोमध एक बाई, म्हणजे बाई असावी असा अंदाज. उकड्या तांदळाच्या शिताएवढी बाई. ती माझी मामी होती.

आता मजा अशी की "फ्रेम साधी ठेवा, कमी ठेवा" हे मी लोकांना ऐकवत फिरणारा माणूस. कुणी फोटो दाखवला की मी पहिलं हेच बोलतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तीन फेऱ्या आणि सहाशेच्या आसपास क्लिक लागले, त्यातला एक वापरला. म्हणून ही सगळी केस पहिल्यापासून लिहून काढतोय, चुकांसकट.

मामाचं घर पेडणे तालुक्यात, आगरवाड्याच्या बाजूला. नावातच आगर आहे, शापोरा नदीच्या काठाने मिठागरं, पूर्वी पुष्कळ होती, आता मोजकी चालतात. पावसाळाभर सगळं पाण्याखाली. पाऊस गेला की पाणी काढून टाकायचं, तळाचा चिखल तुडवून चोपून जमिनीसारखा सपाट करायचा, आणि मग भरतीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खारं पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत ऊन-वाऱ्यावर आटवायचं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढून कडेला ढीग करायचे, मे संपेपर्यंत हेच, मग पावसाने गाशा गुंडाळायला लावायचा. तळ मातीचा असल्यामुळे हे मीठ दुकानातल्या मिठासारखं पांढरंशुभ्र नसतं. जाडं, करडं, कधीकधी किंचित तांबूस. हा रंग लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच मी मामीच्या शिव्या खाल्ल्या.

मामी रस्त्याच्या कडेला टेबल टाकून ते विकते. मामेभावाच्या डोक्यात आलं की पिशवीवर नीट लेबल असलं तर गाड्या थांबतील. लेबल ६ बाय ९ सेंटिमीटर, उभं. खालचे तीन सेंटिमीटर मजकुराला, म्हणजे फोटोला राहिला ६ बाय ६ चा चौकोन. हा आकडा मला पहिल्या दिवशीच माहीत होता आणि मी तो पूर्णपणे विसरून कॅमेरा उचलला, खरी गोची इथेच झाली.

पहिली फेरी. एप्रिलचा रविवार, फोंड्याहून निघायला उशीर, वाटेत म्हापशाला चहा-पाव, पोचेपर्यंत साडेअकरा. ऊन डोक्यावर. निकॉन डी५६०० ला किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, लावलेली, ती १८ मिलिमीटरवर म्हणजे पार वाइड, आणि मी मेरेवर, म्हणजे वाफ्यांमधल्या बांधावर, उभा राहून जे जे सुंदर दिसतंय ते ते सगळं फ्रेममधे कोंबत होतो. मिठाचे ढीग पाहिजेत, पाणी पाहिजे, पाण्यातलं आभाळ पाहिजे, माड तर पाहिजेतच कारण गोवा, मानस पाहिजे कारण ती जुनी आणि भारी दिसते, मामी पाहिजे, मामा फावडं ओढताना पाहिजे. अडीचशे-तीनशे फोटो काढले. लॅपटॉपवर सगळे झकास वाटले. त्यातला एक चौकोनी कापून मामेभावाला दिला, त्याने प्रेसमधे दिला, आणि मग ते शीत.

सँपल बघितल्यावर रात्री मी तोच फोटो स्क्रीनभर उघडला आणि एक कागद घेऊन त्यात काय काय आहे ते खरंच एकेक करून लिहीत गेलो. विजेचे तीन खांब. त्यांच्या तारा. लांब रस्त्यावर एक पिकअप. ढिगावर झाकलेली निळी ताडपत्री. चार माड, पाचव्याचा अर्धा शेंडा. कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा, फक्त आरसा, डाव्या कडेतून आत डोकावणारा. पाण्यात पडलेली प्लॅस्टिकची बाटली. तेवीसपर्यंत गेलो आणि थांबलो. यातली एकही गोष्ट मला तिथे उभं असताना दिसली नव्हती. आणि कहर म्हणजे मधला खांब बरोब्बर मामीच्या डोक्यातून वर उगवलेला, अँटेना लावल्यासारखा.

हे का होतं ते नंतर नीट विचार केल्यावर कळलं. आपण जागेवर असतो तेव्हा डोळा आपल्याला हवं तेवढंच घेतो, मला मामी बघायची होती म्हणून मामी दिसली, खांब मागे शंभर मीटरवर होता, दोन डोळ्यांना ते अंतर कळतं. फोटोत अंतर नसतं, सगळं एकाच कागदावर चिकटवलेलं, आणि कॅमेऱ्याला मामी कोण नि खांब कोण याच्याशी देणंघेणं नाही. त्यात १८ मिलिमीटरवर या कॅमेऱ्याला आडवा साधारण ६६ अंशांचा पसारा दिसतो. तीच लेन्स ५५ वर नेऊन तिप्पट अंतरावर मागे गेलो असतो तर तो २४ अंशांवर आला असता, मामी तेवढीच राहिली असती आणि मागचा दोन-तृतीयांश बाजार आपोआप बाहेर. पण मी एकाच जागी उभा राहून गोल गोल फिरत होतो, लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा.

आणि आकड्यांचं गणितही बघा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो ६००० बाय ४०००. ६ सेंटिमीटर छपाई ३०० डीपीआयने, इंचाला तीनशे ठिपके धरून, म्हणजे ७०९ बाय ७०९ पिक्सेल, जेमतेम अर्धा मेगापिक्सेल. मामीची उंची फ्रेमच्या नवव्या हिश्शाएवढी, म्हणजे छापून साडेसहा मिलिमीटर. साडेसहा मिलिमीटरमधे डोकं, पदर, टोपली, हात, चेहरा. कुठून कळणार.

आधी घरबसल्या भागतंय का ते बघितलं, कारण परत जायचा कंटाळा. क्रॉप करून मामी मोठी केली तर चेहऱ्यावर दुपारच्या उन्हाची काळी सावली, डोळ्यांच्या जागी खड्डे. मोबाईलमधलं पुसायचं टूल वापरून खांब पुसला, त्याने खांबाबरोबर मामीचा अर्धा अंबाडाही पुसला आणि मागच्या मिठाच्या ढिगाचं कणकेच्या गोळ्यात रूपांतर केलं. एका मित्राने सल्ला दिला की रूल ऑफ थर्ड्स लाव, म्हणजे फ्रेमचे तीन सारखे भाग पाडून विषय मधोमध न ठेवता भागांच्या रेषेवर ठेवायचा, मामीला उजव्या रेषेवर घे. घेतली. पसारा होता तसाच राहिला, फक्त मामी त्याच्या उजवीकडे गेली. ज्या फ्रेममधे तेवीस गोष्टी बोलतायत तिथे कुणाला कुठल्या रेषेवर उभं करता याला फारसा अर्थ उरत नाही, असं माझं मत झालंय, पटलं नाही तर सोडा.

दुसऱ्या फेरीला मी अगदी दुसऱ्या टोकाला गेलो. मधल्या काळात मायकल केना या इंग्लिश फोटोग्राफरचे फोटो बघण्यात दोन रात्री घातलेल्या. चौकोनी, काळे-पांढरे, होक्काइडोच्या बर्फात दहाबारा कुंपणाचे खांब आणि बाकी निव्वळ पांढरं. म्हटलं हेच पाहिजे, आपल्याकडे बर्फ नसलं तरी मीठ आहे. मित्राची ५५-२०० लेन्स मागून घेतली, रात्री मामाकडेच मुक्काम, आणि पहाटे सहाला मेरेवर. सकाळी वारा पडलेला असतो, समुद्रावरचा वारा सुरू झाला की पाण्यावर सुरकुत्या येतात आणि प्रतिबिंब मोडतं, त्यामुळे ही वेळ मात्र अगदी बरोबर साधली होती. वाफ्यातल्या पाण्यात एक काठी रोवलेली, तिचं प्रतिबिंब, आणि मागे पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधली रेष जवळजवळ नाहीच. लांब लेन्सने ती काठी एकटी उचलली. जवळपास शंभर फोटो काढले आणि मला तिथेच कळलं होतं की हा फोटो जमलाय. घरी येऊन रंग उतरवले, पांढरं अजून पांढरं केलं, आणि स्टेटसला टाकला.

पहिला रिप्लाय: "कच्छला कधी गेलास?"

दुसरा रिप्लाय पण कच्छच. एकाने विचारलं पँगाँग का. मामेभावाने नुसता अंगठा पाठवला, तो अंगठा म्हणजे पसंती नव्हे हे घरच्यांना कळतं. तरी मी हट्टाने त्याचं लेबल छापून घेतलं, पिशवीला चिकटवलं आणि मामीच्या हातात दिलं. मामीने पिशवी उलटीसुलटी करून बघितली, चष्मा लावून परत बघितली आणि म्हणाली, "हें आमचें मीठ न्हय रे बाबू, ही साखर दिसता." मी म्हटलं अगो मामी, ती काठी बघ, ते पाणी बघ. तर ती म्हणते, काठी कशाला विकायची आहे आपल्याला.

यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे. तो फोटो साधा होता, शंभर टक्के साधा, त्यात दोनच गोष्टी होत्या, पण त्या दोन्हीतली एकही पिशवीत नव्हती. आणि मिठाचा तो करडा रंग, जो त्या मातीचा पुरावा आहे, तो मीच घासून घासून काढून टाकलेला. केनाचं तसं नाही, त्याच्या फोटोत तो खांब आणि तो बर्फ हाच विषय असतो. मी त्याचा रिकामेपणा उचलला आणि विषय घरी विसरलो.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो. गोव्यात आणि कोकणपट्ट्यात काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीकाम दिसतं, तांबडं आणि पांढरं, दोनच रंग. खाली चुन्याचा पांढरा थर, वर तांबड्या काव-मातीचा थर, आणि तो ओला असताना टोकदार हत्याराने वरचं तांबडं खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं, म्हणजे रंग लावून काही काढायचं नाही, जे काढायचंय ते खरवडण्यातूनच. लहानपणापासून बघत आलेलो पण कधी विचार केला नव्हता. या लेबलच्या भानगडीत परत एकदा एका देवळात जाऊन भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. वेलबुट्टी गच्च, इंचभर जागा मोकळी नाही, तरी दहा हातांवरून मोर तो मोर आणि घोडा तो घोडा. म्हणजे भरगच्च असूनही गोंधळ नाही, कारण कुठे खरवडायचं आणि कुठे तांबडं तसंच ठेवायचं हे त्या कारागिराने आधी ठरवलेलं. रघुबीर सिंग यांचे रंगीत फोटो आठवले, जयपूरचा माणूस, १९४२ चा जन्म, १९९९ ला गेले. त्यांच्या फ्रेममधे माणसं, गाड्या, आरसे, दारं, जनावरं सगळं ठासून भरलेलं असतं आणि तरी प्रत्येक जण आपापल्या चौकटीत सुटा दिसतो, कुणाच्या डोक्यातून खांब उगवत नाही. त्या हिशोबाने माझा पहिला फोटो वस्तू जास्त होत्या म्हणून पडला असं म्हणणं अर्धवटच. मी काहीच ठरवलं नव्हतं म्हणून तो पडला. दुसऱ्यात ठरवलं होतं, पण स्वतःसाठी.

मग मामेभावाशी बसून एकच प्रश्न घेतला, पिशवी हातात घेणाऱ्याला तीन सेकंदांत काय कळलं पाहिजे. तो म्हणाला गोव्याचं पारंपरिक नैसर्गिक शुद्ध मीठ. मी म्हटलं यातलं "शुद्ध" कॅमेऱ्यात कसं दिसतं ते दाखव. पाऊणएक तास घासाघीस करून शेवटी आलो ते हे: हे मातीच्या आगरातलं, हाताने काढलेलं मीठ आहे. बस. माती, हात, मीठ. यात नदी नाही, आभाळ नाही, माड नाहीत, मानस नाही, जी मला सगळ्यात जास्त आवडते. आणि काठी तर नाहीच.

तिसरी फेरी मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ढग यायला लागलेले, मामा घाईत, शेवटचे ढीग उचलायचं चाललेलं. या वेळी एकच लेन्स नेली, ५० मिलिमीटर १.८ (हा १.८ लेन्सच्या भोकाचा आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं), झूम नाही म्हणजे उगाच आत-बाहेर करायची सोय नाही, पायांनीच पुढेमागे व्हायचं. सकाळी साडेसातचं ऊन, तिरपं. मिठाला तिरपंच ऊन लागतं, दुपारी वरून पडलं की सगळे खडे एकसारखे पांढरट दिसतात, तिरप्या उन्हात प्रत्येक खड्याला एक उजळ बाजू आणि एक सावली मिळते आणि ते चौकोनी खडे सुटे दिसायला लागतात.

पहिली अडचण मामीनेच काढली. तोंड येता कामा नये. "मिठाच्या पिशवीवर माझं थोबाड नको, लोक मासळी गुंडाळतील त्यात." मला मनातून बरंच वाटलं, कारण चेहरा आला की बघणारा चेहऱ्याकडेच बघतो, मीठ मागे पडतं. ती ढिगाजवळ उकिडवी बसून हाताने मीठ ओढून भरत होती. मी समोरून सुरुवात केली, परत तेच, मागे रस्ता, खांब, ताडपत्री. मग बाजूच्या मेरेवर चढलो आणि कॅमेरा खाली वाकवला. हे एवढं साधं आहे की लिहायलाही लाज वाटते, पण उंचावरून खाली बघितलं की क्षितिजच फ्रेमबाहेर जातं, आणि क्षितिजाबरोबर त्याच्यावर उभे असलेले सगळे खांब, माड, पिकअप, बिल्डिंगा एका झटक्यात गायब. आता मागे फक्त मीठ आणि चिखल. तेवीसातले पंधरा-सोळा असेच गेले, काही न पुसता.

उरलेले एकेक करून काढावे लागले. साडीवर मोठी गुलाबी फुलं, म्हणून मनगटाच्या थोडं वरपर्यंतच फ्रेम ठेवली. मग कोपऱ्यात मामीच्या पायाची बोटं, एक पाऊल डावीकडे. मग माझीच सावली मिठावर, कॅमेरा धरलेल्या कोपरासकट, तिथून अर्धा गोल फिरून पलीकडे. मग एक निळा मग, पाण्याचा, तो मामीला विचारून उचलून ठेवला. क्लिक करायच्या आधी फ्रेमच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवायची ही सवय मला खरं तर आहे, पण ती मधला विषय आवडला की पहिली सुटते. पायाची बोटं मला चौदाव्या फोटोला दिसली.

आणि घमेलं. मामी मीठ भरत होती ते केशरी प्लॅस्टिकच्या घमेल्यात. मामेभाऊ पळत घरात गेला आणि माळ्यावरची बांबूची टोपली घेऊन आला, म्हणे ही ठेव, काय क्लासी दिसेल. दिसली असतीच. पण मामी ती वापरत नाही, तळ फुटलाय, मीठ गळतं. ती ठेवून फोटो काढला असता तर हाताने काढलेल्या मिठाचा फोटो न राहता टुरिस्टांना आवडणाऱ्या जुन्या गोव्याचा फोटो झाला असता. केशरी घमेलं ठेवावं तर सगळं लक्ष तेच खाऊन टाकतं, एवढ्या करड्या रंगात तो एकच भडक डाग. यावर आमची बरीच वादावादी झाली आणि मी शेवटी दोन्ही नको म्हटलं, हात ढिगावर असताना घे, भरताना नको. मामीने तेवढ्या वेळात तिसरं घमेलं भरून बाजूला ठेवलं, तिचं काम आमच्यासाठी थांबलेलं नव्हतं.

तांत्रिक भाग थोडक्यात. आधी १.८ वर काढले कारण मागचं ब्लर होतं म्हणून आपण सगळे १.८ वर काढतो. साधारण साठ सेंटिमीटरवरून १.८ ला फोकस जेमतेम एक सेंटिमीटर खोल मिळतो, नखं शार्प आणि बांगड्या धूसर. मागचं तर मीठच होतं, ते कशाला ब्लर करायचं. ५.६ वर नेलं, तीनेक सेंटिमीटर मिळाले, हात आणि त्याच्या खालचे खडे दोन्ही नीट. हात हलता म्हणून शटर १/५०० सेकंद. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वर, म्हणजे फोटो मुद्दाम जास्त उजळ, कारण फ्रेमभर उजळ काहीतरी असलं की कॅमेऱ्याचा मीटर त्याला मधल्या करड्याकडे ओढतो आणि मीठ सिमेंटसारखं येतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइटवर बांधून टाकला, नाहीतर तो प्रत्येक फोटोत मिठाचा रंग आपल्या मनाने ठरवतो. मामीचं मीठ साखर होण्यात अर्धा हात एडिटिंगचा होता, या वेळी त्याला संधीच द्यायची नव्हती.

मग एक फोटो असा आला ज्यात फक्त हात आणि मीठ, दुसरं काहीच नाही. मी खूश. मामेभावाच्या मोबाईलवर पाठवून छोटा करून बघितला, स्टँपएवढा. तो म्हणाला रवा आहे का? परत बघितलं आणि खरंच, हात आणि काहीतरी पांढरट दाणेदार, रवा असेल, साखर असेल, कुणी रांगोळी काढत असेल. जास्त खरवडलं होतं. तीन शब्दांतला "माती" हा शब्द मी फ्रेमबाहेर घालवला होता. म्हणून पाऊलभर मागे सरून खालच्या उजव्या कोपऱ्यात मेरेची चिखलाची कड आत घेतली, तिरपी, फ्रेमचा पाचवा हिस्सा असेल, ओली, तपकिरी, तिच्यावर फावड्याचा ओढा उमटलेला. तेवढ्याने फोटो फिरला. करडं मीठ, तपकिरी माती, सावळा हात आणि मनगटावर चार हिरव्या बांगड्या. डाव्या वरच्या बाजूला नुसतं मीठ, हाताच्या दुप्पट जागा, कुणी विचारेल ती रिकामी कशाला, तर हात तिकडे सरकतोय, त्याला जायला जागा पाहिजे. मामेभावाने परत स्टँपएवढा करून बघितला आणि "मीठ" म्हणाला, प्रश्नचिन्ह न लावता.

छपाईचं वेगळंच पुराण. प्रेसवाल्याने फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, बाकीचं कुठाय? त्याने स्वतःहून एक डिझाइन करून ठेवलेलं, सोनेरी बॉर्डर, एका बाजूला माड, मागे मावळता सूर्य, खाली लाटा, आणि मधल्या गोलात मामीचा हात, देवीचा आशीर्वाद असल्यासारखा. त्याचं म्हणणं गोव्याचा माल आहे तर माड नको का. माणूस चांगला आहे, पण त्याच्याकडे मोकळी जागा म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे वाया असा हिशोब. शेवटी दोन्ही प्रकारच्या पाच-पाच पिशव्या मामीच्या टेबलावर मांडल्या, रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिलो आणि बघितलं. सूर्य-माडवाल्या पिशव्या लांबून काजूच्या वाटल्या, फेणीच्याही वाटू शकल्या असत्या. दुसऱ्यांवर हात कळत होता, तो काय करतोय ते कळत होतं. प्रेसवाला काही तिथे नव्हता, त्याला आम्ही फोनवर सांगितलं, त्याने बॉर्डर काढायचे पैसे कमी केले नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हा हाताचा फोटो मी मोठा, १२ बाय १८ इंच, काढून बघितला तर भिंतीवर तो काही विशेष वाटत नाही, एकदा बघितला की संपला. उलट पहिल्या फेरीतला तो तेवीस वस्तूंचा फोटो, ज्याची मी एवढी चिरफाड केली, तो मामाने हट्टाने मागून घेतला आणि बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलाय. कुणी आलं की त्याच्यासमोर उभा राहून दाखवतो, ही आपली मानस, हा ढीग त्या वर्षीचा, ही पिकअप शेजाऱ्याची, तेव्हा नवी होती, हा खांब मागच्या वादळात वाकला तो. मी एकदा म्हटलं, मामा, खांब मामीच्या डोक्यातून आलाय बघ. तर म्हणतो, मग काय झालं, खांब तिथेच आहे.

लेबलं छापून आली त्या दिवशी मामीला पहिली पिशवी दिली. चष्मा लावून, उजेडाकडे धरून, बराच वेळ बघितलं. मिठाचा रंग बघितला, मान हलवली. मातीवर बोट फिरवलं. मग हाताशी येऊन थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आधी सांगायला काय झालं होतं, चतुर्थीच्या नव्या बांगड्या डब्यात तशाच पडल्यायत, त्या घातल्या असत्या.